सुईची धास्ती घेऊन बार्शीहून सोलापूरला: ॲक्युपंक्चरची पहिली खेप

दहावीत असताना शाळेत धनुर्वाताची लस टोचली, तेव्हा मी रांगेतच चक्कर येऊन पडले होते. त्यानंतर गेली तीस वर्षे रक्त तपासायचे म्हटले तरी मला आडवे झोपावे लागते. अशा माणसाने आपण होऊन अंगात सुया टोचून घ्यायला बार्शीहून सोलापूर गाठावे, याला कारण अर्धशिशी. महिन्यातले आठ-नऊ दिवस डोके धरून अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागत होते आणि प्रतिबंधक गोळ्यांनी दिवसभर ग्लानी येत होती. आमच्या डॉक्टरांनीच, गोळ्या न थांबवता, ॲक्युपंक्चर करून पाहायला हरकत नाही असे सांगितले.

जाण्यापूर्वी मी थोडे वाचून घेतले. ब्रिटनमधील ‘नाइस’ या, कोणते उपचार द्यावेत याचे मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी, औषधांचा उपयोग होत नसेल किंवा ती चालत नसतील तर, पाच ते आठ आठवड्यांत ॲक्युपंक्चरच्या दहापर्यंत बैठका सुचवलेल्या आहेत. दुसरीकडे, जर्मनीतील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत खऱ्या बिंदूंवर, म्हणजे ॲक्युपंक्चरने ठरवलेल्या जागी, सुया टोचलेल्यांना आणि भलत्याच ठिकाणी वरवर टोचलेल्यांना जवळपास सारखाच आराम पडला. मात्र उपचारांविना नुसते थांबलेल्यांपेक्षा दोन्ही गटांची स्थिती पुष्कळच बरी होती. या दोन्ही गोष्टी ठाऊक असूनच मी गेले. तुम्हीही त्या जाणून घेऊनच जावे, असे मला मनापासून वाटते.

भाच्याला सोबत घेऊन सकाळची एसटी धरली. वैरागला गाडी थांबली तेव्हा त्याने मला बळेच पोहे खायला लावले आणि ते फार बरे झाले, कारण रिकाम्या पोटी सुया घेतल्यास भोवळ येण्याचा संभव वाढतो. चतुर्थी-एकादशीचा उपवास असेल, तर त्या दिवसाची वेळ घेऊच नये.

सोलापुरात हाताशी दीड तास होता, म्हणून आम्ही भय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक पाहिले. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. ॲक्युपंक्चर त्यांनीच भारतात आणले असा पुष्कळांचा समज असतो, पण त्यांचे तेथील मोठे काम शस्त्रक्रियेचे. ही विद्या पुढे १९५० च्या दशकाअखेरीस चीनमध्ये शिकून कोलकात्यात रुजवली ती त्याच पथकातील डॉ. बिजय कुमार बसू यांनी. त्या स्मारकात उभे असताना माझे हात गार पडले होते, तरीही तिथे गेल्याचे मला समाधान आहे.

भीती वाटते हे मी फोनवर वेळ ठरवतानाच सांगितले होते आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच. चिकित्सक बाईंनी पहिला अर्धा तास केवळ बोलण्यासाठी ठेवला होता. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, दिवस गेले आहेत का, पेसमेकर आहे का, हे त्यांनी एकेक करून विचारले. गरोदरपणी काही बिंदू टाळतात. काही वेळा सुयांना हलका वीजप्रवाह जोडतात, तो पेसमेकर असल्यास जोडत नाहीत. हे प्रश्न कुणी विचारलेच नाहीत, तर आपण आपणहून सांगावे. महाराष्ट्रात चिकित्सकांची नोंदणी महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेकडे होते. ते प्रमाणपत्र भिंतीवर दिसले नाही, तर ते मागण्यात संकोच बाळगू नये.

“ताई, आधी सुई हातात घेऊन बघता का?” असे त्यांनी विचारले. मी नको म्हणाले, आणि मग बघितली. केसाहून जाड, पण पाव मिलिमीटरचीच, मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली आणि बोटाने दाबली की वाकणारी. रक्त काढायची सुई हिच्या तिपटीहून जाड असते आणि पोकळ असते. ही भरीव असते. माझ्या मनातली सुई आणि ही सुई यांचा काही संबंधच नव्हता.

त्यानंतर त्यांनी एक युक्ती शिकवली, जी सुईला घाबरून भोवळ येणाऱ्या प्रत्येकाने घरीच करून पाहावी. भोवळ येते ती रक्तदाब एकाएकी उतरल्यामुळे. म्हणून हात, पाय आणि पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत, आवळून धरायचे, मग अर्धा मिनिट सैल सोडायचे आणि असे पाच वेळा करायचे. सुया टोचताना मात्र अंग सैल हवे, त्यामुळे हे सगळे आधीच उरकायचे. उपचारही आडवे झोपूनच घ्यावेत. बसून घेण्यास मी तरी स्पष्ट नकार दिला असता.

पहिली सुई डाव्या हाताला, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधील बेचक्यात. त्यांनी त्वचेवर प्लॅस्टिकची बारीक नळी टेकवली आणि तीतून वर डोकावणाऱ्या सुईवर बोटाने टिचकी मारली. ही नळी सतराव्या शतकातील जपानी अंध चिकित्सक सुगियामा वाइची यांच्या नावाशी जोडली जाते. मला जाणवली ती टिचकी. टोचणे जाणवलेच नाही. सुई जराशी आत गेल्यावर मात्र त्या जागी बोथट, जड, मनगटाकडे ओढल्यासारखी कळ आली. तीच अपेक्षित असते, असे त्या म्हणाल्या. झणका बसला किंवा आग झाली तर लगेच सांगायचे, म्हणजे सुई थोडी मागे घेतात. पुढे पायांच्या अंगठ्यांशी, गुडघ्यांखाली चार बोटांवर आणि शेवटी दोन्ही भुवयांच्या मध्ये अशा एकूण सहा सुया झाल्या. भुवयांमधली टोचताना मी डोळे घट्ट मिटले आणि भाच्याचा हात धरला. त्यानंतरची वीस मिनिटे पंख्याचा आवाज ऐकत पडून होते. शेवटी शेवटी डुलकीही लागली.

सुया मोजून काढल्या गेल्या आणि पांढऱ्या, सुईने भोक न पडणाऱ्या डब्यात गेल्या. नवी पाकिटे आपल्यासमोर फोडली जातात ना, हे पाहावे. मी आनंदाच्या भरात झटकन उठून बसले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा पाच मिनिटे कुशीवर पडून राहून मगच उठावे. परतीच्या गाडीत फार झोप येत होती आणि हाताच्या बेचक्यात वाटाण्याएवढा निळा डाग उमटला होता, तो चार दिवसांत गेला. त्या दिवशी स्वतः गाडी चालवत जाऊ नये.

पहिल्या भेटीचे ५०० रुपये झाले. आतापर्यंत सहा बैठका झाल्या आहेत. दुखण्याचे दिवस मी वहीत मांडून ठेवते. गेल्या महिन्यात ते पाच भरले. हे सुयांमुळे, की दर आठवड्याला तासभर शांत पडून राहिल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चालूच आहेत आणि सातवी बैठक येत्या गुरुवारी आहे. या वेळी भाच्याची परीक्षा असल्यामुळे मी एकटीच जाणार आहे.