हात वर करा

"कोणाला स्ट्रेस आहे? हात वर करा." आज मीटिंगमध्ये सरांनी असं विचारलं आणि मग कॉन्फरन्स रूममध्ये नुसता एसीचा आवाज.

कोण करणार हात वर? अप्रेझल पुढच्या महिन्यात. "व्हेरी गुड, म्हणजे सगळे मजेत" म्हणून सर पुढच्या स्लाइडवर. वेलनेस सेशन होतं हे, बरं का, आणि ठेवलेलं संध्याकाळी साडेसातला, म्हणजे माझी नेहमीची डोंबिवली फास्ट गेलीच.

शेवटच्या स्लाइडवर टेलि-मानसचा नंबर होता, १४४१६. मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत पण बोलतात. स्लाइड दोन सेकंद दिसली असेल नसेल. पण कप गोळा करायला आलेले आमचे पॅन्ट्रीवाले काका थांबले, ट्रे टेबलाच्या कडेला टेकवला आणि खिशातलं पेन काढून तळहातावर नंबर लिहून घेतला. कोणाचंच लक्ष नव्हतं.

ट्रेनमध्ये लटकताना तेच डोक्यात. २०१७ चा कायदा आहे, विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं असं त्यात लिहिलंय, कागदावर सगळं आहे हो. पण सर जर एवढंच म्हणाले असते की मला पण मध्यंतरी झोप लागत नव्हती, मी डॉक्टरकडे जाऊन आलो, तर? एक तरी हात वर गेला असता. कदाचित माझाच.

उद्या काकांना विचारू का? "काका, बरंय ना?" म्हटलं तर "हो हो, मस्त" म्हणणार. मी पण रोज तेच म्हणतो ना.