चौदा नंबरच्या सुया

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे आधी आला तो बाईंचा पदर. कोणत्या बाई, हे आपल्या शाळेत सांगावं लागत नाही. मुख्याध्यापिका त्या 'मोठ्या बाई'. नुसत्या 'बाई' म्हणजे कार्यानुभवाच्या.

आठवीच्या मुलांनीही विणलंच पाहिजे, हा त्यांचाच हट्ट. मफलर झाले, मग त्यांनी मोजे काढले. मोज्याला दोन्हीकडे टोक असलेल्या चार सुया लागतात. तिन्हींवर टाके, चौथी विणायला. त्याही बारीक, चौदा नंबर. असा संच वर्गात एकच, बाईंचा. "सायकलचे स्पोक आण ना बे," असं मागच्या बाकावरून कुणी म्हणालं ते चिडवायला. मी खरंच आणले. बाबांच्या सायकलच्या पुढच्या चाकातून, चार.

बाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एक स्पोक सुया मोजायच्या पट्टीच्या भोकांत घालून पाहिला. चौदाच्या भोकात सुळकन गेला, पंधराच्यात अडला. "अरे, हा तर बरोब्बर चौदा!" आज हिंगण्याच्या एमआयडीसीत माझ्या तीन लेथ, म्हणजे धातू कातायची यंत्रं आहेत, म्हणून कळतं की तो योगायोग नव्हता. सुयांचे जुने नंबर तारेच्या जाडीच्या ब्रिटिश मापावरून, म्हणजे गेजवरूनच आलेले, आणि स्पोक म्हणजे तारच. तार भोकांतून ओढत ओढत बारीक करतात, म्हणून नंबर वाढला की जाडी कमी. 14 म्हणजे 2 मिलिमीटर, 8 म्हणजे 4.

वाकडं डोकं आणि आट्यांचं टोक हॅक्सॉने उडवायचं. मग टोक लाकडाच्या खाचेत ठेवून, सुई बोटांत फिरवत कानस मारायची. मी पेन्सिलीसारखं टोकदार केलं. बाई म्हणाल्या, "हे लोकर फाडेल. टोक तांदळाच्या दाण्यासारखं हवं." पुढे झीरो नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी मेणबत्ती. कारण कानशीने वरचा मुलामा जातो, उघडं पोलाद घामाने गंजतं आणि पांढऱ्या लोकरीवर पिवळा डाग पडतो.

इकडे बाबा बर्डीहून येताना चाक ब्रेकला घासायला लागलं. 32 पैकी चार स्पोक गेले तर काय बिघडतं, असा माझा हिशोब. पण चारही मी एकाच बाजूचे काढले होते, त्यामुळे रिम दुसरीकडे ओढली गेली. "चाक असं नाचून काऊन राहिलं?" बाबांनी विचारलं. पुढचं लिहीत नाही.

बाईंची शेवटची परीक्षा पदराची. सुईचं टोक त्या आपल्या साडीच्या पदरावरून हलकेच ओढत. धागा अडकला की सुई परत. माझी तिसरी सुई अडकली. निळ्या सुती पदरातून वीतभर धागा सर्रकन ओढला गेला. मी तर गारच पडलो. बाईंनी धागा नखाने मागे सारायचा प्रयत्न केला आणि सुई परत दिली. "बूर राहिला बघ इथे. घास." बूर म्हणजे कानशीनंतर कडेला उरलेला बारीक खरखरीत कंगोरा. ती साडी त्या मी दहावी होईपर्यंत नेसत होत्या. त्या ओढलेल्या धाग्याकडे मी दर वेळी बघायचो.

कार्यानुभवाच्या खोलीत आता कॉम्प्युटर आहेत, असं ऐकतो. असतील. पण माझ्याकडे येणाऱ्या नव्या पोरांना बूर म्हणजे काय, हे मलाच शिकवावं लागतं.

लेथ घेतली त्या वर्षी स्टेनलेसच्या रॉडमधून चौदा नंबरचा संच करून मी बाईंच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा मागवला आणि पदर पुढे घेतला. तीन सुया बाजूला ठेवल्या, चौथी माझ्या हातात दिली. "ही अजून थोडी घासून आण."

आणतो म्हणालो. कामाच्या धबडग्यात ते राहिलं, आणि मग बाईच राहिल्या नाहीत. सुई माझ्या टेबलाच्या खणात आहे. तीन सुयांवर मोजा होत नाही, हे मला ठाऊक होतं.