तीनास चार की सहास आठ?

एका दीर्घिकेच्या वर्णपटात दुसरी रेषा दिसली त्या रात्री मी झोपलेच नाही. अटाकामाच्या वाळवंटात, ५००० मीटर उंचीवरच्या आल्मा दुर्बिणीचा नवा डेटा उतरला होता आणि १३१.७ गिगाहर्ट्झला स्पष्ट उंचवटा होता. ९८.८ चा आधीच हातात होता. रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणाने लहरी किती ताणल्या गेल्या, म्हणजे दीर्घिका किती लांब, याचं माप) ६! महास्फोटानंतर जेमतेम ९०-९५ कोटी वर्षांतली, धुळीने गच्च भरलेली दीर्घिका. रात्री साडेअकराला बाबांना फोन करून उठवलं.

या दीर्घिकांचं दुखणं असं की ताऱ्यांचा प्रकाश त्यांची धूळच गिळते आणि तो अवरक्त प्रारण म्हणून बाहेर टाकते. आपल्यापर्यंत ते सबमिलिमीटर लहरी होऊन पोचतं. हबलच्या चित्रात त्या जागी बऱ्याचदा काहीच नसतं. शिवाय दीर्घिका जितकी लांब, तितका तिच्या धुळीच्या प्रारणाचा जास्त प्रखर भाग आपल्या पट्ट्यात सरकत येतो. त्यामुळे ८५० मायक्रॉन तरंगलांबीला लांबची आणि त्याहून लांबची जवळपास सारखीच तेजस्वी दिसते; तेजावरून अंतराचा अंदाज बांधता येत नाही. एचडीएफ ८५०.१ ही दीर्घिका १९९८ मध्ये सापडली, तिचं अंतर पक्कं व्हायला २०१२ उजाडलं.

म्हणून कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा शोधायच्या. त्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या असतात, ११५.२७ गिगाहर्ट्झच्या जवळजवळ पटीत, आणि रेडशिफ्टमुळे सगळ्या एकाच प्रमाणात खाली सरकतात. एकच दिसली तर ती कितवी पायरी हे कळत नाही. दोन दिसल्या की प्रश्न सुटला, असं मी धरून चालले होते.

सकाळच्या मीटिंगमध्ये मी सहावी आणि आठवी पायरी दाखवली. सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "छान. पण तिसरी आणि चौथी का नाही?"

मी बघतच राहिले. सहास आठ म्हणजेच तीनास चार. अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप द्यायचं, हे शाळेत शिकलेलं! पायऱ्या तिसरी-चौथी असतील तर रेडशिफ्ट अडीच, विश्वाचं वय तेव्हा सुमारे २६० कोटी वर्षं. पायऱ्या अगदी काटेकोर पटीत नसतात, म्हणून दोन्ही शक्यतांमध्ये फरक पडतो खरा, पण जेमतेम १८ मेगाहर्ट्झचा. माझी रेषाच २०० हून जास्त मेगाहर्ट्झ रुंद होती. निकाल लावू शकल्या असत्या त्या पाचवी आणि सातवी. रेडशिफ्ट ६ खरं असेल तर त्या ८२.३ आणि ११५.२ ला पडणार. पहिल्या खेपेला आम्ही तपासलं होतं ८४.२ ते ११४.९! नशीब म्हणावं की काय.

खरी लाज वेगळीच होती. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या नकाशात हा ठिपका चांगला उठून दिसत होता. अंतर वाढलं की रेडिओ तेज झपाट्याने उतरतं, सबमिलिमीटरचं तसं नाही. म्हणजे इतका ठळक रेडिओ ठिपका 'जवळची आहे' असंच सुचवत होता. मी मात्र "आत कृष्णविवर असेल, म्हणून रेडिओत ठळक" असं लिहून पुढे गेले होते. पुण्यात वाढलेली मी, खोडदच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या शाळेच्या सहलीत पाहिलेली, आणि नेमका तिथलाच पुरावा बाजूला सारला.

सरांनी फळ्यावर एकच आकडा लिहिला: २७१.५. रेडशिफ्ट ६ असेल तर आयनित कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषा तिथे येणार, आणि ती इतकी प्रखर असते की आल्माला काही मिनिटं पुरतात. अर्ज, मंजुरी, वाट पाहणं यात मात्र बरेच महिने गेले.

डेटा आला. धुळीचं सपाट प्रारण नीट दिसत होतं, म्हणजे दुर्बीण योग्य जागी रोखलेली होती. रेषेचा मागमूस नाही. म्हणजे रेडशिफ्ट अडीच. या जातीच्या दीर्घिका जिथे सर्वांत जास्त सापडतात तिथलीच, चारचौघींसारखी. मसुद्याच्या शीर्षकातला 'अतिदूर' मी स्वतःच खोडला. बाबांना मात्र अजून फोन केलेला नाही.