शेवटचं पान

"गुरुजी, माझं नाव कुठे गेलं?"

शाळेच्या टीव्हीवर गोष्ट संपली होती. शेवटच्या पानावर एका अनोळखी शिक्षकाचा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत 'निर्मिती' असं लिहून त्याचं नाव. चौथीतली ती मुलगी पुढे येऊन पडद्याला बोट लावून ओळीन् ओळ शोधत होती. वर्गात एरवी बाकं सरकल्याचा तरी आवाज असतो. तेव्हा तोही नव्हता.

आमची शाळा मेळघाटात, धारणी तालुक्यात. शिक्षक दोन, वर्ग पहिली ते चौथी. मुलं घरी कोरकू बोलतात. कोरकू मराठीची बोली नाही, तिचं कूळ मुंडारी, संथाली या भाषांचं. पहिलीच्या पोराला 'वाघ' म्हटलं तर ते माझ्या तोंडाकडे बघतं. 'कुला' म्हटलं की डोळे मोठे होतात. मी मूळचा वाशीमकडचा. सात वर्षांत कोरकू समजायला लागली, पण लिहायची वेळ आली की अजून मुलांनाच विचारतो.

गोष्टी मी स्टोरीवीव्हरवरून घेतो. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या 'प्रथम बुक्स' या संस्थेने हे संकेतस्थळ २०१५ साली सुरू केलं. तिथल्या गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याने दिलेल्या असतात. उतरवून घ्या, छापा, भाषांतर करा, बदला, वाटा, कोणाची परवानगी मागायला नको. अट एवढीच, की लेखक, चित्रकार, प्रकाशक यांची नावं आणि परवाना ठेवायचा आणि आपण काय बदललं ते सांगायचं. फुकट आणि मुक्त यांतला हा फरक आमच्याकडे कोणी सांगत नाही. बालभारतीचं पुस्तकही पीडीएफमध्ये फुकट मिळतं, पण त्याचे हक्क मंडळाकडे असतात, ते बदलून वाटता येत नाही. ई-साहित्याची इतकी प्रशिक्षणं मी बसून काढली, परवान्यावर पाच मिनिटंसुद्धा कोणी बोललं नाही.

तर वाघाची, वाचनाच्या पहिल्या पातळीवरची एक गोष्ट आम्ही कोरकूत आणायला घेतली. चौथीची मुलं सांगणार, मी फळ्यावर लिहिणार. एका पानावर मराठीत होतं, 'वाघ पाणी प्यायला आले.' मी बेधडक 'कुलाकू' लिहिलं. 'कोरो' म्हणजे माणूस, त्याला 'कू' लागला की 'कोरकू', माणसं. तोच नियम इथे लावला. ती मुलगी जागेवरूनच म्हणाली, "गुरुजी, चित्रात दोनच आहेत." मला कळेना यात चुकलं काय. मग तिने दोन बोटं वर करून समजावलं. दोघे असले की शब्दाचं शेपूट वेगळं, तिघे किंवा जास्त असले तरच 'कू'. संस्कृतात द्विवचन आहे हे मी पाठ करून परीक्षा दिली होती. माझ्याच वर्गातली पोरं ते रोज बोलतात हे मला त्या दिवशी कळलं. तिने फडक्याने माझा शब्द पुसला आणि स्वतः लिहिला. शेवटच्या पानावर मूळ लेखक आणि चित्रकाराच्या नावाखाली आम्ही लिहिलं, 'कोरकू रूपांतर: इयत्ता चौथी', आणि खाली अकरा मुलांची नावं. पहिलं तिचं.

ती पीडीएफ मी शिक्षकांच्या एका ग्रुपवर टाकली. चार महिन्यांनी दुसऱ्याच ग्रुपवरून ती फिरत आली. आपली गोष्ट दुसऱ्या तालुक्यात पोचली म्हणून मी हौसेने टीव्हीला लावली. शेवटपर्यंत आधी बघून घ्यायला हवी होती.

मधल्या सुट्टीत त्या शिक्षकांना फोन लावला. माणूस भांडखोर नव्हता. "अहो सर, फुकटच आहे ना ते? तुम्ही पण नेटवरूनच घेतलं. मी जरा सजवलं, पोरांच्या उपयोगाचं आहे." आमच्या ग्रुपांवर हेच चालतं. एका स्वाध्यायपत्रिकेवर 'संकलन' म्हणून तीन जणांची नावं, पानामागे फिकट अक्षरांत चौथ्याचं, आणि मूळ कोणाचं ते कुठेच नाही. मोकळं ठेवलेलं बेवारस आहे असं आपण धरून चालतो. मी त्यांना मुलांची नावं सांगितली, अकराच्या अकरा. पलीकडे बराच वेळ काही बोलणं नाही. मग म्हणाले, "लहान पोरांनी केलंय हे माहीत नव्हतं." दोन दिवसांनी त्यांनी नावांसकट पीडीएफ पुन्हा टाकली, हे त्यांचं चांगलंच.

फोन ठेवून वर्गात आलो तर ती वाचन कोपऱ्यात बसलेली. दोरीवरच्या पुस्तिका एकेक काढून उलट्या बाजूने उघडत होती.

या पुस्तिका मी सहा वर्षांत तयार केल्या आहेत. ए-फोर कागद मधे दुमडला की चार पानं होतात. तीन कागदांत बारा. बहुतेक गोष्टी मुखपृष्ठ धरून बारा पानांत बसतात, श्रेयाचं पान मात्र तेरावं येतं आणि त्या एका पानासाठी चौथा कागद लागतो. तालुक्याला रंगीत प्रतीचे एका बाजूला दहा रुपये. शाळेच्या अनुदानातून विजेचं बिल, खडू, झाडू सगळं भागवायचं. म्हणून मी छापताना तेरावं पान सोडून द्यायचो. बारा पानं दाभणाने टोचून दोऱ्याने शिवायची आणि वर पारदर्शक चिकटपट्टी. त्या शिवणीचा मला अभिमान होता. सहा वर्षांत एक पुस्तिका उसवली नाही.

"ह्याच्यातली नावं कोणी काढली?"

मी म्हणालो, "मी."

ती काही बोलली नाही. पुढची पुस्तिका उघडली. त्यातही नव्हती.

कागद वाचवला, हे खरं. पण दुपारी ज्या माणसाला मी फोनवर सुनावलं त्याने एका पुस्तकाचं पान काढलं होतं, मी सदतीस पुस्तिकांचं. त्याने स्वतःचं नाव घातलं, मी घातलं नाही, एवढा फरक मी रात्री स्वतःला बराच वेळ सांगत होतो. ज्या चित्रकाराने तो वाघ काढला त्याला या फरकाने काय मिळालं?

पुढच्या आठवड्यात सगळी श्रेयाची पानं साध्या काळ्या-पांढऱ्या छपाईत काढली, एका कागदावर चार-चार. हे आधी सुचलं असतं तर प्रत्येक पुस्तिकेला आठ आणेसुद्धा जास्त पडले नसते. मुलांनी ती कापून मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवली. चिकटवायच्या आधी ती मुलगी प्रत्येक नाव मोठ्याने वाचायची आणि बाकीचे मागून म्हणायचे. तमिळ, बंगाली, मल्याळी नावं, जीभ अडखळायची, मग पुन्हा.

छत्तीस झाल्या. एक राहिली, बेडकाची. ती मी कधी, कुठून उतरवली होती ते आठवत नाही आणि शोधून सापडत नाही. ती दोरीवर परत लावायला मुलगी तयार नाही. माझ्या टेबलावर हजेरीपटाखाली ठेवली आहे. रोज सकाळी येऊन विचारते, "गुरुजी, सापडलं?"