खाडीतलं टू-स्ट्रोक इंजिन आणि लिटरमागे २० मिली

मासेमारीची दोन महिन्यांची बंदी ३१ जुलैला संपली आणि पुढच्याच रविवारी मी काकांची होडी घेऊन दिवाळे जेटीवरून निघालो. होडी फायबरची, मागे १५ हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरचं ओबीएम, म्हणजे होडीला बाहेरून लावायचं आउटबोर्ड इंजिन. माझं सगळं आयुष्य बेलापूरच्या कोळीवाड्यात गेलं, पण इंजिनाची जबाबदारी माझ्या एकट्यावर कधी आली नव्हती. काकांचा गुडघा दुखायला लागल्यापासून ती माझ्याकडे आली.

घारापुरीच्या दिशेने अर्धा तास गेलो असेन, तेवढ्यात इंजिनाचा सूर तुटला. एकसंध घरघर होती, तिथे भक्-भक् सुरू झालं. थ्रॉटल वाढवला तरी होडी जोर धरेना. ओहोटी लागली होती, गाळात रुतलो तर सहा तास तिथेच बसावं लागणार होतं. एका सिलिंडरवर कशीबशी परत आलो.

जेटीवर काकांनी प्लग काढला आणि माझ्यापुढे धरला. प्लगच्या दोन टोकांमधली फट जेमतेम एक मिलिमीटरची. तिच्यात पांढुरक्या राखेचा एक टणक कण पूल बांधल्यासारखा आडवा बसला होता. ठिणगी पडणार कुठून?

"कंचा त्याल टाकलास?" काकांनी विचारलं.

मी बाटली दाखवली. जुन्या स्कूटरसाठी घरात आणलेलं, पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल. पावसाळ्याआधी महिनाभर मी तेच वापरत होतो.

"बाला, यो गारीचा त्याल हाय. मशिनीला नाय चालत."

दोन्ही इंजिनं टू-स्ट्रोकच, मग फरक काय, हे मला तेव्हा कळेना. नंतर मिस्त्रींच्या शेजारी चार दिवस बसून ते नीट समजून घेतलं. स्कूटरचं इंजिन हवेवर थंड होतं, फार तापतं, म्हणून त्या तेलात धातूयुक्त डिटर्जंट घालतात. ते जळलं की राख उरते. होडीचं इंजिन खाडीचं पाणी ओढून थंड राहतं, पण तासन्‌तास एकाच भाराखाली पळतं. गाडीसारखा सिग्नलला थांबायचा विसावा त्याला नाही. त्यामुळे राख पिस्टनच्या डोक्यावर, प्लगवर आणि रिंगच्या खाचेत साचत जाते. म्हणून ओबीएमसाठी बिनराखेचं तेल वेगळं मिळतं आणि त्याच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलं असतं. हे मानक अमेरिकेतल्या नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचं, आणि त्यातला डब्ल्यू म्हणजे वॉटर-कूल्ड. डबा घेताना मी आता किंमत नंतर बघतो, आधी ही अक्षरं शोधतो.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडलं तेव्हा वरची रिंग खाचेत चिकटून बसलेली निघाली. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे होते. एक पिस्टन, दोन्हीकडच्या रिंगा, गॅस्केट असं सगळं नवीन घालावं लागलं. त्या महिन्याच्या पगारातलं फारसं काही उरलं नाही.

उघड्या इंजिनाकडे बघताना मला जे उमगलं, ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. कारच्या इंजिनाखाली तेलाचं भांडं असतं, पंप तेच तेल पुन्हापुन्हा फिरवतो. इथे तसं भांडंच नाही. पेट्रोल आणि तेलाचं मिश्रण हवेबरोबर आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये शिरतं, तिथल्या बेअरिंगांवर, कनेक्टिंग रॉडवर, सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा बारीक थर सोडतं आणि मगच वर जाऊन जळतं. बेअरिंग रोलरची असल्याने एवढ्याशा तेलावर भागतं. पण ते तेल एकदाच कामी येतं आणि निघून जातं. दर मिनिटाला नवं तेल हवं, आणि ते फक्त पेट्रोलच्या टाकीतूनच येणार. टाकीत तेल घालायला विसरलात, तर काही मिनिटांत इंजिन जाम.

मोठ्या नव्या टू-स्ट्रोक ओबीएममध्ये वेगळी तेलटाकी आणि पंप असतो. आमच्यात मोजून मिसळणं हाताचंच काम.

आमच्या इंजिनाचं प्रमाण ५०:१, म्हणजे पेट्रोलच्या लिटरमागे २० मिली तेल. १० लिटरला २००, पूर्ण भरलेल्या २४ लिटरच्या टाकीला ४८०. काका आयुष्यभर डब्याच्या झाकणाने अंदाजे घालत आले, त्यांचा हात बसलेला आहे. माझा नाही. मी पुतणीची जुनी दुधाची बाटली घेतली, तिच्यावर मिलीच्या खुणा असतात. आधी अर्धं पेट्रोल, मग तेल, झाकण लावून टाकी हलवायची, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवायचं. एकदा अर्धी टाकी मिश्रण शिल्लक असताना मी पूर्ण टाकीचं तेल ओतणार होतो. काकांनी हात धरला. हिशोब फक्त नव्याने घातलेल्या पेट्रोलचा करायचा.

जास्त तेल घातलं की इंजिन जास्त सुरक्षित, असं मला वाटायचं. ते खरं नाही. प्लग काळा पडतो, धूर होतो, शिवाय तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी भरल्याने हवेच्या मानाने इंधन कमी पडतं आणि इंजिन उलट तापतं.

नवे भाग बसवल्यावर मात्र पहिले १० तास मुद्दाम दुप्पट तेल, २५:१, लिटरमागे ४० मिली. मिस्त्रींनी बजावलं होतं, पूर्ण थ्रॉटल द्यायचा नाही आणि एकाच वेगात फार वेळ ठेवायचं नाही. ते १० तास मी सहा रविवारांत पुरे केले, वहीत तास लिहून. होडीमागे निळसर धुराचा पट्टा आणि पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग राहायचा. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो, हे मी वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघताना जीव कासावीस झाला. याच पाण्यावर आमची चिंबोरी आणि कोलंबी. वरच्या अंगाला ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेलं. तेव्हापासून मिश्रण ओतताना एक थेंब सांडला तरी मी फडक्याने टिपतो.

गिअरचं तेल निराळंच, इंजिनाच्या खालच्या गिअरबॉक्समधलं, त्याचा या मिश्रणाशी संबंध नाही. ते दुधाळ दिसलं तर सील गेलं आणि आत पाणी शिरलं, एवढं लक्षात ठेवलंय.

पुढच्या बंदीसाठी काकांनी पद्धत आताच शिकवून ठेवली. इंजिन गोड्या पाण्यावर धुवायचं, पेट्रोलचा पाइप काढून कार्ब्युरेटर मंद वेगावर रिकामा होऊ द्यायचा, प्लग काढून दोन्ही सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं आणि दोरी हळू ओढून ते सगळीकडे पसरवायचं. उरलेलं मिश्रण पावसाळाभर ठेवायचं नाही. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलला ओल लगेच धरते.

सातव्या रविवारी पहिल्यांदा ५०:१ चं मिश्रण भरलं. घारापुरीपर्यंत जाऊन आलो, धूर जवळपास दिसेनासा झाला होता. जेटीवर काकांनी दोन्ही प्लग काढून उन्हात धरले. टोकं कोरडी, फिकट तपकिरी, ग्लुकोज बिस्किटाच्या रंगाची. त्यांनी ते सदऱ्याच्या टोकाला पुसले, हाताने आटे बसवले आणि पाना माझ्याकडे दिला.