तुम्ही विचारलंत म्हणून: हळद दिली की बटेरांना औषध लागत नाही का?

शेड बघायला येणारे बहुतेकजण पिंजऱ्यांपुढं उभं राहून एकच विचारतात, "तुम्ही हळद-शेवग्यावर बटेरं वाढवता म्हणे. मग औषध लागतच नाही का?" फोनवर अर्धवटच सांगून होतं. आज नीट सांगतो.

बटेर हळदीवर वाढत नाही, प्रथिनांवर वाढतं. १७-१८ दिवस उबवल्यावर अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम ७-८ ग्रॅमचं असतं आणि पाच-सहा आठवड्यांत विक्रीला येतं. त्यासाठी सुरुवातीच्या खाद्यात २४ ते २७ टक्के प्रथिनं लागतात. वाळलेल्या शेवग्याच्या पाल्यातही प्रथिनं भरपूर असतात, म्हणून एकदा मी सोयापेंड कमी करून किलोमागं शंभर ग्रॅम पाला घातला. पिल्लांनी खाणंच कमी केलं आणि वजनं मागं राहिली. पाल्यात तंतू जास्त, शिवाय त्याची तुरट चव. आता किलोला २० ग्रॅम पाला आणि ५ ग्रॅम हळद, तेही दुसऱ्या आठवड्यापासून. पेंडीला हात लावत नाही.

पाला आई सावलीत वाळवते. उन्हात टाकला तर दोन दिवसांत पिवळा पडतो आणि त्यातलं रंगद्रव्य उडतं. सावलीतला पाला हातावर चोळला की हिरवीगार भुकटी पडते, तळहाताला वास राहतो. अंड्याचा बलक गडद होतो तो ह्या पाल्यानं आणि पिवळ्या मक्यानं. लोक श्रेय हळदीला देतात, पण हळदीचा रंग बलकात फारसा उतरत नाही. हळद मी देतो ती पचनासाठी आणि आतड्याची दाहकता कमी राहावी म्हणून. सांगलीच्या बाजारातून हळकुंडं आणून घरी दळतो, कारण तयार पावडरीत रंगाची भेसळ असू शकते आणि ती एवढ्याशा जिवाला झेपणारी नाही.

आता औषधाचं. दोन पावसाळ्यांपूर्वी एका सकाळी चांगली अंगात भरलेली चार बटेरं मेलेली सापडली. बाकीची काही पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेली, विष्ठा पांढरी, पाण्यासारखी. मी लसूण ठेचून पाण्यातून दिला. दोन दिवस देत राहिलो आणि दोन दिवस मर वाढत गेली. शेवटी पशुवैद्यकांकडं मेलेला पक्षी घेऊन गेलो. त्यांनी आतडी उघडून दाखवली, आत पिवळसर व्रण होते. हा आतड्यांचा जिवाणूजन्य रोग बटेरांत इतका होतो की इंग्रजीत त्याला 'क्वेल डिसीज', म्हणजे बटेरांचा रोग, असंच म्हणतात. त्यांनी दिलेलं अँटिबायोटिक सुरू केल्यावर मर थांबली. ते दोन दिवस मी वाया घालवले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझं म्हणणं असं. निरोगी पक्ष्याला वाढीसाठी रोज थोडं थोडं अँटिबायोटिक चारणं मला मान्य नाही. त्यातून औषधाला दाद न देणारे जिवाणू तयार होतात. युरोपीय संघानं हा प्रकार २००६ साली बंद केला. आपल्याकडं २०१९ मध्ये कोलिस्टिन हे अँटिबायोटिक जनावरांना-कोंबड्यांना देण्यावर बंदी आली, कारण माणसावर बाकी काही चालेनासं झालं की डॉक्टर तेच औषध वापरतात. ह्या रोजच्या डोसाच्या जागी पाला-हळद मी आनंदानं देतो. आजारी पक्ष्याला मात्र औषधच, तेही डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि ते चालू असताना व त्यानंतर त्यांनी सांगितलेले दिवस अंडी विकायची नाहीत.

आणि हळद किती, हे विचारण्याआधी पिल्लांच्या पाण्याच्या भांड्यात स्वच्छ खडे टाका. एवढ्याशा पाण्यातही ती बुडतात. पहिल्या आठवड्यात ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना दिव्याची ऊब देतो त्या जागेत, ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब ठेवा. पिल्लं दिव्याखाली दाटीवाटीनं बसली असतील तर त्यांना थंडी वाजतेय, तेव्हा दिवा खाली घ्या.