तुम्ही विचारलंत म्हणून: पुणं दिसत असताना मुंबई का?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरांकडे आ वासून बसलेलो असताना मला हे विचारलं गेलंय: "लोहगावची धावपट्टी समोर दिसत होती ना? मग विमान वर काढून मुंबईला का नेलंत?"

त्या विमानाचा कॅप्टन मी होतो आणि उतरताना त्याचे फ्लॅप अडकले होते. फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या. त्या उघडल्या की विमान कमी वेगातही हवेत टिकतं. पुढचं मात्र कुणी नीट ऐकून घेत नाही.

ऑक्टोबरची संध्याकाळ. परतीचा पाऊस नुकताच ओसरलेला, लोहगावची धावपट्टी ओली. बोइंग ७३७. फ्लॅप ५ वरून १५ वर, म्हणजे आणखी उघडायला, मागितले. फ्लॅप किती उघडलेत ते दाखवणाऱ्या तबकडीत दोन काटे असतात, डाव्या-उजव्या पंखाचा एकेक, आणि नेहमी ते एकावर एक असल्याने एकच दिसतो. त्या दिवशी दोन दिसले. एक पाचाजवळच थांबला, दुसरा जरा पुढे जाऊन. फरक ओळखून यंत्रणेने फ्लॅपची हालचालच बंद केली. तिने तेच करायचं असतं. ऑटोपायलट सोडला तेव्हा योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, हातात एका बाजूला कललेला आला. एका पंखाला जास्त उचल, दुसऱ्याला कमी, आणि तो फरक एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांच्या टोकाकडच्या पट्ट्या, भरून काढत होते.

मी वर गेलो. फ्लॅपच्या लिव्हरला हात न लावता.

"दोन मिनिटांत उतरला असतात की!" हो, दोन मिनिटांत जमिनीवर असतो. कसे, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. १९९१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज आणि १९९४ मध्ये पिट्सबर्ग, दोन्हीकडे उतरायला निघालेली ७३७ रडर, म्हणजे शेपटीवरची नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी पट्टी, भलत्याच बाजूला गेल्याने कोसळली. पिट्सबर्गला १३२ माणसं गेली. १९९६ मध्ये रिचमंडजवळ तसंच झालं, पण ते विमान वेगात होतं आणि चार हजार फुटांवर होतं. सगळे वाचले. माझा बिघाड रडरचा नव्हता, त्या मानाने किरकोळच. पण वेग कमी केला की एलेरॉनचा जोर कमी होतो, हे इथेही तितकंच खरं. उतरण्याच्या वेगाला विमान सरळ धरता येतं का, हे मला आठ हजार फुटांवर बघायचं होतं. हळूहळू वेग उतरवत बघितलं. धरता येत होतं.

इथपर्यंत माझं म्हणणं बहुतेकांना पटतं. भांडण मुंबईवरून आहे.

फ्लॅप पुरते उघडत नसल्याने नेहमीच्या १४० नॉटऐवजी आता १७०च्या आसपास वेगाने टेकायचं होतं. वेग वीसेक टक्के जास्त, पण ब्रेकना जिरवायची ऊर्जा जवळजवळ दीडपट, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. त्यात पुणं समुद्रसपाटीपासून साधारण १,९०० फुटांवर. तिथे हवा विरळ, म्हणून काट्यावर तोच वेग असला तरी चाकं जमिनीवर जास्त जोरात धावतात. लोहगावला अडीच किलोमीटर. मुंबईची मोठी धावपट्टी जवळजवळ साडेतीन, समुद्राच्या पातळीला, आणि त्या संध्याकाळी कोरडी.

पण थांबायला किती धावपट्टी लागेल त्याचे तक्ते बघून को-पायलटने सांगितलं होतं, "सर, पुणं बसतंय." आणि ते बसत होतं. हे मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही. "चेकलिस्टच तशी आहे" म्हणून वेळ मारून नेली. चेकलिस्ट वेग सांगते, अंतर काढायला सांगते. मुंबईला जा, असं तिच्यात कुठेही नाही. ते मी ठरवलं. अर्धवट उघडलेले फ्लॅप घेऊन, नेहमीपेक्षा जास्त इंधन जाळत, बिघडलेलं विमान अंधारात घाटावरून नेलं. हाही धोकाच होता आणि मी तो पत्करला.

मुंबईत जमिनीजवळ आल्यावर फ्लॅप कमी असल्याचा इशारा बोंबलू नये म्हणून त्याचं बटण आधीच दाबून ठेवलं होतं. टेकलो, धावपट्टी बरीच उरली. ब्रेक तापले होते, अग्निशमनच्या गाड्या मागून आल्या, बाकी काही नाही. दारात उभा राहून लोकांना निरोप देत होतो. एक गृहस्थ थांबले. सासरे पुण्यात अतिदक्षता विभागात होते आणि आता पुढे टॅक्सीने रात्रभर घाट. मी म्हटलं, "मोठी धावपट्टी हवी होती." ते म्हणाले, "विमानाला, की तुम्हाला?"

तेव्हा उत्तर सुचलं नाही. नंतर पुष्कळ सुचली, सगळी तांत्रिक. तरुणपणी मी त्यांना ठणकावून सांगितलं असतं की दीडशे माणसांचा निर्णय एका माणसाच्या सासऱ्यांवरून होत नाही. आजही मी तेच सांगेन, पण ठणकावून नाही. कारण प्रश्न बरोबर होता. विमानाला अडीच किलोमीटर पुरत होते. मला पुरत नव्हते. हातात वाकडा योक असताना मला चुकायला जागा हवी होती, आणि ती मागणं कॅप्टनच्या कामात बसतं असं मी मानतो.

तो को-पायलट आता स्वतः कॅप्टन आहे. मागे भेटला तेव्हा म्हणाला, "सर, मी पुण्यातच उतरवलं असतं." पुन्हा आकडे मांडून बसलो. ओली धावपट्टी धरून दोघांचंही उत्तर अडीच किलोमीटरच्या आतच आलं, माझं थोडं जास्त, कारण मी मागचा वारा धरला होता. टॉवरने तेव्हा वारा नेमका किती सांगितला होता, यावर आमचं अजून एकमत नाही.